गळतीचा इतिहास

पुण्याचा इतिहास आजवर पुष्कळांनी लिहिला. कोणी तो तलवारीच्या बाजूने लिहिला, कोणी लेखणीच्या. बादलीच्या बाजूने मात्र तो कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक जुन्या वाड्यात कौलाखाली बादली मांडून बसलेल्या बिऱ्हाडकरूइतका चिकाटीचा इतिहासकार दुसरा नसेल. त्याच्या साऱ्या सनावळ्या पावसाळ्यावर बांधलेल्या असतात. 'थोरल्याची मुंज झाली त्या साली माजघर गळायला लागलं आणि धाकटीच्या लग्नात स्वयंपाकघर,' असे तो सांगतो, तेव्हा कुटुंबाचा इतिहास आणि छपराचा भूगोल असे दोन्ही विषय एकदम होऊन जातात.

मी काही इतिहासकार नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेला एक कारकून. पण बुधवार पेठेतल्या एका वाड्यात, माडीवरच्या दोन खणांत, आमची तिसरी पिढी नांदते आहे. आजोबांनी १९३८ साली ही जागा महिना साडेसात रुपयांनी घेतली. तेव्हापासूनच्या भाडेपावत्या एका तारेत ओवलेल्या आहेत आणि मालकांना दिलेल्या तक्रारअर्जांच्या नकला दुसऱ्या तारेत. दुसरी तार पहिलीपेक्षा जाड आहे. इतिहासाला अस्सल कागदपत्रे लागतात म्हणतात, ती माझ्याकडे अशी दोन तारा भरून आहेत.

मालक आणि भाडेकरू हे भांडण तसे फार पुरातन. कौटिल्याने अर्थशास्त्रात त्याची नीट व्यवस्था लावून ठेवली आहे. भाडे भरणाऱ्याला विनाकारण बाहेर काढणाऱ्या मालकाला १२ पण दंड, आणि 'जागा सोड' म्हटल्यावरही ठिय्या देऊन बसणाऱ्यालाही १२ पण दंड. भाडेकरू चोरी-मारामारी करणारा असेल तर मात्र मालकाला त्याला काढायची मोकळीक. दोन्ही पक्षांना सारखाच दंड ठेवून दोघांनाही सारखेच नाराज करणारा इतका निःपक्षपाती कायदेपंडित पुढे झाला नाही. आपणहून जागा सोडणाऱ्याने वर्षाचे उरलेले भाडे भरावे, असेही तो म्हणतो. हे वाचल्यावर आमच्या पेठेत कोणी जागा का सोडत नाही, याचा मला उलगडा झाला.

आता आमच्या पेठेविषयी. १७०३ साली औरंगजेबाचा मुक्काम पुण्यात होता, तेव्हा त्याने ही पेठ वसवली आणि तिचे नाव मुहियाबाद ठेवले. पुढे पेशवाईत बुधवार हे नाव आले. त्या काळचे वाडे एका कुटुंबासाठी बांधलेले. पुढे चौक, मागे चौक, सोपा, माजघर, कोठीची खोली, पागा. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि वाड्यांची पंचाईत झाली. १८५८ साली पुण्यात रेल्वे आली, कचेऱ्या वाढल्या, शाळा-कॉलेजे निघाली. वाडेवाल्यांकडे घर होते पण पगार नव्हता, आणि बाहेरगावाहून आलेल्या कारकुनांना पगार होता पण घर नव्हते. ही सोयरीक जमायला कोणा मध्यस्थाची गरजच पडली नाही. पागेत एक बिऱ्हाड आले, कोठीत दुसरे, माडीवर तिसरे. एका कुटुंबासाठी टाकलेले छप्पर आठ कुटुंबांवर गळू लागले. गळती तेवढीच, तक्रारदार आठपट!

वाड्यांत सरकारची माणसे शिरली ती १८९७ च्या प्लेगात. रँडसाहेबाच्या हाताखालचे गोरे सोल्जर घरोघर आत घुसून रोगी शोधत, सामान बाहेर काढत, भिंतींना चुना फासत. त्या वर्षी २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण या प्रकरणाचा एक परिणाम पाठ्यपुस्तकात येत नाही. 'घर तपासायला माणूस आला' हे वाक्य त्यानंतर पेठेत जे बदनाम झाले ते झालेच. आजही दारात कोणी वही घेऊन उभा राहिला की वाडा आधी आतून कडी लावतो आणि मग 'कोण पाहिजे?' विचारतो. घरातली मोडतोड सरकारला दाखवायची म्हणजे घर हातचे घालवायचे, ही समजूत तेव्हापासूनची असावी. ती पुढे कुठवर जाते ते सांगणारच आहे.

भाड्याचा कायदा मात्र आमच्या पेठेत जन्मला नाही, तो सातासमुद्रांपलीकडून आला. पहिल्या महायुद्धात ग्लासगो शहरात दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी कामगार लोटले आणि मालकांनी भाडी चढवली. १९१५ साली मेरी बार्बर नावाच्या बाईच्या पुढारीपणाखाली तिथल्या गृहिणींनी वाढीव भाडे द्यायचे नाकारले. जप्तीचा बेलिफ जिन्यात दिसला की घंटा वाजवायची आणि साऱ्या आळीतल्या बायकांनी जमून त्याच्यावर पिठाचा मारा करायचा, अशी त्यांची युद्धनीती होती. डिसेंबरात पार्लमेंटने शरणागती पत्करून भाडी गोठवली. त्याच धर्तीवर १९१८ साली मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. तेव्हा आपल्याला आज ज्या भाड्यात जागा मिळते, त्याला कुठे तरी ते स्कॉटिश पीठ कारण आहे. (आमच्या वाड्यातल्या एका काकूंना ही हकीकत सांगितली, तर त्या म्हणाल्या, ''पीठ कशाला वाया घालवायचं? कोंडा नव्हता का?'')

पण खरा कायदा आला तो १९४७ सालचा. मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा. त्याने प्रमाणभूत भाडे धरले ते १ सप्टेंबर १९४० चे. त्या दिवशी जे भाडे होते ते होते, त्यावर फक्त कायदा परवानगी देईल तेवढीच वाढ. कायदा केला होता तात्पुरता. पण पुण्यात तात्पुरता म्हणून लावलेला टेकू आणि तात्पुरता म्हणून केलेला कायदा एकदा उभा राहिला की हलत नाही. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत तो २००० सालापर्यंत चालला.

याच कायद्याच्या २३ व्या कलमात आमच्या बादलीची सोय होती. जागा राहण्याजोगी ठेवणे हे मालकाचे कर्तव्य. त्याने हयगय केली तर भाडेकरूने, किंवा सर्व भाडेकरूंनी मिळून, निदान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीत काम झाले नाही तर स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. एवढेच नव्हे, तर भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हाच खर्चाचा निर्णायक पुरावा मानावा! हे वाक्य वाचून माझा कारकुनी ऊर भरून आला. व्हाउचरला एवढा मान आमच्या बँकेतसुद्धा मिळत नाही.

पण सरकारी पेढ्याच्या आत नेहमी एक खडा असतो, तसा इथेही होता. एका वर्षात वळता करायचा खर्च त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त असता कामा नये. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला तेव्हा हे कलम १४ व्या क्रमांकावर जाऊन बसले, खडा तसाच राहिला.

आता वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून हिशेब मांडतो. आजोबांचे भाडे साडेसात रुपये, म्हणजे वर्षाचे ९०. चौथा हिस्सा साडेबावीस रुपये. त्या काळी ही रक्कम बरी होती, साडेबावीस रुपयांत छप्पर शाकारून होत असे. आज आमचे भाडे वाढत वाढत महिना ५६ रुपये झाले आहे. वर्षाचे ६७२, चौथा हिस्सा १६८. एकशे अडुसष्ट रुपयांत आज गवंडी येतो, जिना चढतो, छपराकडे बघतो, 'च्च' असा आवाज करतो आणि जिना उतरतो. कौलाला हात लावायचे पैसे निराळे.

तेव्हा कायद्याने आम्हाला काय दिले, याचा ताळेबंद असा : जमेच्या बाजूला जन्मभराचे घर, खर्चाच्या बाजूला त्या घराचे छप्पर. मालक म्हणतो, ५६ रुपयांत मी काय दुरुस्त करू? भाडेकरू म्हणतो, माझ्या मालकीचे नसलेले घर मी का दुरुस्त करू? दोघांचेही म्हणणे बरोबर असते. चुकीची असते ती फक्त भिंत, कारण ती कोणाचेच न ऐकता पडते.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पाण्याने कोणालाच १५ दिवसांची नोटीस दिली नव्हती. नदीकाठच्या पेठांतले कितीतरी वाडे मातीच्या ढेकळासारखे विरघळले. मालक-भाडेकरू हा भेद त्या दिवशी पुरता मिटला. दोघेही रस्त्यावर. पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या, गावाबाहेरचे गोखलेनगर त्यातलेच. माझे वडील सांगत, की पुरानंतर वर्षभर आमच्या वाड्यात कोणी तक्रारीचा ब्रसुद्धा काढला नाही. नुसते गळणारे घर म्हणजे चैन वाटत होती.

चैन अर्थातच टिकली नाही. तक्रारी पुन्हा सुरू झाल्या, आणि पुण्यात तक्रारीच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. पहिली पायरी तोंडी. भाडे द्यायला गेलो असता चहा घेता घेता, ''यंदा जरा उत्तरेच्या बाजूला ठिबकतंय बरं का,'' असे हवेविषयी बोलल्यासारखे म्हणायचे. दुसरी पायरी चिठ्ठी. तीत 'आपला कृपाभिलाषी' असते. तिसऱ्या पायरीवर पोचेदेय रजिस्टर पत्र आणि त्यात 'कळावे'. मालकाला रजिस्टर पत्र पाठवणे म्हणजे संबंध तोडणे, असे जुनी माणसे मानत. २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन करून टाकले. आता संबंध निदान वेगाने तरी तुटतात. चौथी पायरी लघुवाद न्यायालय. त्या पायरीवर आजोबा चढतात आणि नातू उतरतो.

मधे एक आडवाट आहे, महापालिकेची. इमारत पडायच्या बेतात असेल तर ती दुरुस्त करा, रिकामी करा किंवा पाडा, अशी नोटीस काढायचा अधिकार महापालिका कायद्याच्या २६४ व्या कलमाने आयुक्तांना दिला आहे. पावसाळ्याआधी जुन्या वाड्यांची पाहणी होते, नोटिसा निघतात. कायदा चांगलाच आहे. पण भाडेकरूला त्यातला 'दुरुस्त करा' हा शब्द दिसत नाही, 'रिकामी करा' एवढाच दिसतो. एकदा बाहेर पडलो की परत आत येणे नाही, या धास्तीने तो काय करतो? तो तड्यावर कॅलेंडर लावतो.

आमच्या बँकेच्या कॅलेंडरांना डिसेंबरात एवढी मागणी का असते, हे मला बरीच वर्षे कळत नव्हते. माझ्या हातूनच वाड्यात सात गेली होती. चार वर्षांपूर्वी एका जूनमध्ये, खालच्या काकूंच्या भिंतीला पोट आलेले दिसले तेव्हा कळले. कॅलेंडर भिंतीला टेकलेले नव्हते, खालून वीतभर पुढे आले होते. मागे माती सुटलेली. वरची तुळई त्याच भिंतीवर, आणि तुळईवर आम्ही.

वाड्याची सभा भरली. मी म्हटले, नोटीस देऊ या. काकू ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. एरवी पिठाऐवजी कोंडा सुचवणाऱ्या. त्या एकदम रडायलाच लागल्या. ''कागद काही करू नका रे. लाल पाटी लागली तर मी कुठं जाऊ? पडली तर पडू दे माझ्या अंगावर. निदान घरात मरेन.''

यावर विनोद करायचा अनुभव मला नाही. कोणी काही बोलले नाही. मग माडीवरचे अण्णा म्हणाले, ''काकू, ती तुमच्या एकट्यांच्या अंगावर पडणार नाही. आम्ही सगळे वरून येणार आहोत.'' तेव्हा कुठे त्या डोळे पुसून हसल्या.

तेव्हा हे सांगितले पाहिजे, की काकूंच्या भीतीवर उत्तर आहे आणि ते सांगलीहून आलेले आहे. इमारत पडली की भाडेकरूचा हक्कही संपला, असा निकाल पूर्वी सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. मात्र २०१४ साली, सांगलीतल्या महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या खटल्यात, त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो फिरवला. भाडेकरूचा हक्क नुसत्या विटांवर नसतो, खालच्या जमिनीवरही असतो. इमारत पाडली एवढ्यानेच भाडेकरूपण पडत नाही. मी हे काकूंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, ''मग हे कॅलेंडरावर का नाही छापत?'' सूचना वरिष्ठांकडे पाठवण्यासारखी आहे.

नोटीस गेली. सात बिऱ्हाडांच्या सात सह्या, तारीख, कोणती भिंत, काय झाले आहे, फोटो, आणि १५ दिवसांची मुदत. दहाव्या दिवशी मालक स्वतः आले. तेही सत्तरीचे. भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ''तुमची सात बिऱ्हाडं मिळून मला वर्षाला ४,७०४ रुपये देता. माझ्या खोलीत मीही बादलीच लावतो.'' इतक्या वर्षांत ही बाब आमच्या दुसऱ्या तारेत कुठे नोंदलेली नव्हती. भिंत बांधून काढायला ८६,००० रुपये लागले. कायद्याने वळते करता येण्याजोगे होते सगळ्यांचे मिळून १,१७६. बाकीचे सात बिऱ्हाडांनी ऐपतीप्रमाणे घातले. मालकांनी मागच्या पडक्या सोप्यातले सागवानी वासे आणि तुळया दिल्या, आणि मजुरीत वाटाही उचलला. व्हाउचरे मी ठेवली आहेत. तिसरी तार.

असे सगळीकडे होते असे नाही. म्हणूनच मुंबईकरांचा मला हेवा वाटतो. तिथे चाळी कोसळू लागल्यावर १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमले, जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्यातून दुरुस्ती सुरू केली. पुढे ते मंडळ म्हाडात गेले. ही सोय मुंबई शहरापुरती, ती खंडाळ्याचा घाट चढून वर आली नाही. पुणेकराला मंडळे पुष्कळ, पण ती गणपतीची.

गोठवलेल्या भाड्यातला पेच अखेर सर्वोच्च न्यायालयालाही दिसला. १९४० च्या भाड्याला खिळून राहणे आता वाजवी उरलेले नाही, असे त्याने डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले. मग १९९९ चा कायदा झाला आणि तो ३१ मार्च २००० ला, म्हणजे नेमका आमचे वार्षिक हिशेब बंद होण्याच्या दिवशी, लागू झाला. भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ मालकाला मिळाली. पावती न देणे हा गुन्हा राहिला, पाणी-वीज तोडायला बंदी राहिली. बँका आणि मोठ्या कंपन्या यांना मात्र या कायद्याच्या संरक्षणातून वगळले. म्हणजे भाडेकरू म्हणून कायदा माझ्या पाठीशी आहे, माझ्या बँकेच्या पाठीशी नाही. नोकरीत एवढा मोठेपणा मला दुसऱ्या कोणत्याही बाबतीत मिळालेला नाही.

आमच्याच पेठेतला भिडे वाडा तुम्हाला माहीत असेल. दगडूशेठ गणपतीसमोरचा. १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी तिथे मुलींची शाळा काढली. पुढे तिथे दुकाने आली, भाडेकरू आले, वाडा खचत गेला. राष्ट्रीय स्मारकाचे ठरल्यावर खटला सुरू झाला आणि दहा वर्षांहून अधिक काळ चालला. २०२३ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंची याचिका फेटाळली आणि डिसेंबरात महापालिकेने मोडकळीला आलेला वाडा उतरवला. स्मारक व्हायलाच हवे. पण ज्या भिंतींनी ती पहिली अक्षरे ऐकली, त्या काही स्मारकात येऊ शकल्या नाहीत. खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायचे असते, हे भिंतींना कोणी शिकवलेले नव्हते.

एकूण काय, आमच्या पेठेचे वाडे ना शत्रूने पाडले ना कायद्याने. 'हे काम त्यांचं' असे दोन्ही बाजूंनी म्हणत राहिल्याने ते पडले. तेव्हा ज्यांच्या घरी बादली आहे त्यांनी एवढेच करावे. तोंडी बोलून झाले की कागद करावा. एकट्याने करू नये, सर्वांनी मिळून सही करावी. पोच जपून ठेवावी, खर्चाचे व्हाउचर जपून ठेवावे, आणि मालकाच्या खोलीत बादली आहे का, तेही एकदा बघून यावे. शिवाय नोटीस चैत्र-वैशाखातच द्यावी. कायद्याने मालकाला १५ दिवसांची मुदत दिली आहे. मृगाला अशी काही अट घातलेली नाही.